गाडीच्या मापाचं चाक, रस्त्याच्या मापाचं रबर

भोकरहून रोज नांदेडला नोकरीला जाणारी गाडी आठवड्याला सहाशे किलोमीटरच्या आसपास धावते. तीच गाडी सणावाराला किनवटमार्गे माहूरच्या रेणुकामातेला जाते, लग्नसराईत सीमेपलीकडे तेलंगणातल्या भैंशाला जाते आणि खरिपाच्या दिवसांत खताच्या पिशव्या घेऊन आखाड्यापर्यंतही उतरते. अशा गाडीला नवी चाकं बसवायची ठरली, तर दुकानात विचारायचा पहिला प्रश्न ‘दिसतील कशी’ हा नाही. ही चाकं या रस्त्यावर, एवढं वजन घेऊन, या उन्हात किती वर्षं टिकतील, हे आधी विचारायचं. दिसण्याचा विचार त्यानंतर जरूर करावा, कारण हौसेलाही किंमत आहे. क्रम मात्र उलटा होता कामा नये.

रस्त्याचा स्वभाव आधी समजून घेऊ. भोकर परिसरातली काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या रस्त्याखालचा थर दरवर्षी थोडा वर येतो, थोडा खाली बसतो. त्यामुळे सरळ दिसणाऱ्या रस्त्यावर लाटा तयार होतात आणि डांबराच्या कडा तुटतात. समोरून उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी आली, की आपलं डावं चाक साइडपट्टीवर उतरतं. सिमेंटच्या रस्त्याची कड तर काही ठिकाणी साइडपट्टीपेक्षा चांगली वीतभर उंच असते. उतरताना फारसं काही होत नाही. परत वर चढताना मात्र ती धारदार कड टायरच्या बाजूच्या भिंतीवर घासते. टायर आणि रिम यांची खरी परीक्षा इथे होते. आत्तापासून पुढे जे सांगणार आहे, ते सगळं या एका धक्क्याभोवती फिरतं.

टायरवर लिहिलेलं वाचायला शिका

प्रत्येक टायरच्या बाजूवर त्याची कुंडली छापलेली असते. 185/65 आर 15 88 एच हे उदाहरण घ्या. 185 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे भिंतीची उंची, रुंदीच्या 65 टक्के, अर्थात साधारण 120 मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी. 15 हा रिमचा व्यास इंचांत. 88 हा वजनाचा निर्देशांक असून तो एका टायरला 560 किलो भार पेलता येतो असं सांगतो. शेवटचं अक्षर वेगाची मर्यादा दाखवतं: एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर, टी म्हणजे 190, एच म्हणजे 210.

आता टायरची पूर्ण उंची काढता येते. 15 इंच म्हणजे 381 मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली, की सुमारे 621 मिलिमीटर होतात. हा आकडा वहीत लिहून ठेवा. चाक बदलताना रिमचा व्यास बदलू शकतो, रुंदी बदलू शकते, पण ही बाहेरची उंची जवळपास तेवढीच राहिली पाहिजे. स्पीडोमीटर, किलोमीटरचा आकडा, गिअरचं गणित आणि एबीएस ब्रेक हे सगळे त्याच उंचीवर बेतलेले असतात. दोन टक्क्यांपर्यंतचा फरक सहज चालतो, तीनपर्यंत ओढूनताणून. त्यापुढे जाऊ नये.

‘थोडी उंच दिसू दे’ म्हणून त्याच 15 इंची रिमवर 205/65 चढवला, तर काय होतं ते पाहा. उंची 647 मिलिमीटरवर जाते, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक वाढ. काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 83 ने पळत असते. जमिनीपासूनची उंची वाढते ती फक्त 13 मिलिमीटर. एवढ्यासाठी टायर पाच माणसं बसल्यावर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासू लागतो आणि चढावर इंजिनाला ओढ जड जाते. मिळालं त्यापेक्षा गमावलं जास्त.

डिझायरचा धडा

योग्य माप शोधायला फार लांब जायला नको. आपल्या गावात घराघरांत दिसणारी मारुती डिझायर घ्या. 2017 साली आलेल्या डिझायरच्या खालच्या प्रकारांना कंपनीने 165/80 आर 14 टायर दिले आणि वरच्या प्रकारांना 185/65 आर 15. दोघांची उंची काढली, तर पहिल्याची 620 आणि दुसऱ्याची 621 मिलिमीटर येते. रिम एक इंचाने मोठी झाली, टायर 20 मिलिमीटर रुंद झाला, भिंत 132 वरून 120 वर आली, पण बाहेरची उंची जागच्या जागी राहिली. कंपनीच्या अभियंत्यांनी तोच नियम पाळला, जो आपण पाळायचा आहे.

म्हणून 14 इंची चाकांच्या डिझायरवाल्याने काही बदल करायचा असेल, तर त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराचं माप ही सगळ्यात भरवशाची वाट. ते माप कंपनीने स्वतः तपासलेलं असतं. मडगार्डमध्ये ते बसतं, वळताना घासत नाही आणि हवेचा दाबही पुस्तिकेत छापलेला मिळतो. हाच मार्ग इतर गाड्यांनाही लागू आहे. आपल्या मॉडेलचा, त्याच पिढीचा, सर्वांत वरचा प्रकार कोणती चाकं घेऊन येतो, ते आधी पाहा.

त्याच्याही पुढे जायची हौस असते. 195/55 आर 16 ची उंची 621 मिलिमीटर भरते, म्हणजे गणित बरोबर जुळतं. 205/45 आर 17 ची 616, तीही चालण्यासारखी. कागदावर दोन्ही पास. पण भिंतीकडे बघा: 16 इंचाला 107 मिलिमीटर उरते आणि 17 इंचाला फक्त 92. मूळ 14 इंची चाकाच्या तुलनेत चार सेंटिमीटर रबर गेलं. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळतं तेव्हा टायर दगड आणि रिमच्या ओठात चिमटला जातो. भिंत उंच असेल तर तो धक्का रबर आणि हवा पचवतात. भिंत बुटकी असेल तर रिमचा ओठ थेट आतल्या दोऱ्यांवर येतो, दोरे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या बाजूला फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकावाच लागतो. त्याच धक्क्यात रिम आउट होते किंवा तिला तडा जातो.

पुण्या-मुंबईच्या द्रुतगती मार्गावर 17 इंची चाक शोभतं आणि टिकतंही. भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट अशी वाट असणाऱ्याने मात्र मूळ मापापेक्षा एक इंचाहून अधिक वर जाऊ नये.

चाकाची मापं

टायर बसला म्हणजे चाक बसलं असं होत नाही. रिमची स्वतःची मापं आहेत, आणि त्यांतलं एकही चुकलं तर सगळा खर्च पाण्यात जातो.

पहिलं माप पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. डिझायर आणि स्विफ्टचा तो 4×100 आहे: चार नट, 100 मिलिमीटर. ह्युंदाई क्रेटा आणि मारुती ब्रेझा 5×114.3 च्या, तर फोक्सवॅगन पोलो 5×100 ची. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मधोमधचं अंतर मोजलं, की पीसीडी मिळतो. पाच भोकांत समोरासमोर भोक नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांतलं अंतर मोजून 1.7 ने गुणायचं. फियाटच्या पुंटो आणि लिनियाचं माप 4×98 होतं. त्यांची चाकं 4×100 च्या हबवर वरवर बसल्यासारखी वाटतात, नटही आवळले जातात, पण दोन मिलिमीटरच्या फरकामुळे नट आपल्या खोबणीत सरळ बसत नाहीत. असे नट धावता धावता सैल होतात. ‘बसतंय की’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. भोकं वाढवून किंवा नवी भोकं पाडून बसवलेली चाकं तर कधीच घेऊ नका.

दुसरं माप बोअर, म्हणजे चाकाच्या मधलं मोठं भोक. डिझायरच्या हबचं माप 54.1 मिलिमीटर आहे. बाजारातली बरीच अलॉय चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून 67 किंवा 73 मिलिमीटरच्या बोअरची बनवतात. मग मधली पोकळी भरायला रिंग लागते. ती लावली नाही, तर चाक नेमकं मधोमध बसत नाही आणि 80-90 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं. गिऱ्हाईक बॅलन्सिंग करून करून थकतं आणि दोष राहतो त्या दहा-वीस ग्रॅमच्या रिंगेत. चाकाबरोबर आपल्या हबच्या मापाच्या चार रिंगा मागून घ्या.

तिसरं माप ऑफसेट. चाकाच्या मागे ईटी 45, ईटी 38 असं कोरलेलं असतं. चाकाचा हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा जितका कमी, तितकं चाक मडगार्डबाहेर येतं. 45 ऐवजी 35 घेतला, तर प्रत्येक चाक एक सेंटिमीटर बाहेर सरकतं. त्यात रिमची रुंदी साडेपाचवरून सात इंच केली, तर रिमचा बाहेरचा ओठ आणखी 19 मिलिमीटर बाहेर येतो. मिळून जवळपास तीन सेंटिमीटर. रुबाब येतो, हे खरं. पण बाहेर आलेलं चाक चिखल काचेपर्यंत उडवतं, बेअरिंगवरचा ताण वाढवतं आणि त्या तुटक्या कडेवर सगळ्यात आधी तेच आपटतं. मूळ ऑफसेटच्या पाच मिलिमीटर अलीकडे-पलीकडे राहावं.

चौथं माप रिमची रुंदी. 185/65 टायरला पाच ते साडेसहा इंच रुंदीची रिम चालते, साडेपाच सर्वांत योग्य. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची फॅशन आहे. तसं केलं की टायरची भिंत आत कलते, रिमचा ओठ उघडा पडतो आणि पहिला दगड त्यालाच लागतो.

शेवटी नट. मारुतीच्या नटांचे आटे 12×1.25 चे, ह्युंदाईचे 12×1.5 चे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर जोर लावून फिरवला, तर आटे मरतात. अलॉय चाकाची खोबणी शंकूच्या आकाराची असेल तर नटही तसाच हवा. नट हाताने फिरवून पाहा. 12 मिलिमीटरच्या बोल्टवर किमान आठ-नऊ फेरे पूर्ण बसले पाहिजेत. आणि स्टेपनी लोखंडी राहणार असेल, तर तिचे जुने नट पिशवीत घालून डिकीतच ठेवा. इस्लापूरच्या घाटात संध्याकाळी ते शोधण्याची वेळ येऊ नये.

लोखंड की अलॉय

अलॉय म्हणजे हलकं, असं सरसकट मानलं जातं. चांगलं अलॉय हलकं असतंही. पण स्वस्तातलं मोठं ओतीव चाक मूळच्या लोखंडी चाकापेक्षा जड भरू शकतं. चाक जड झालं की सस्पेन्शनला ते आवरायला कष्ट पडतात आणि खड्डे जास्त जाणवतात. दुकानात काटा असतोच, दोन्ही चाकं त्यावर ठेवून बघा.

धक्का बसल्यावर दोन्ही धातू वेगळे वागतात. लोखंडी रिम वाकते, आणि अनुभवी कारागीर ती ठोकून सरळ करून देतो. अलॉय थोडं वाकतं आणि मग तडकतं. तडकलेलं अलॉय वेल्डिंग करून चालवणं जिवाशी खेळ आहे, कारण उष्णतेने त्या जागच्या धातूचा कस जातो. ज्यांची गाडी रोज आखाड्यावर जाते, त्यांनी लोखंडी रिमच ठेवावी आणि वाचलेले पैसे उत्तम टायरवर घालावेत. यात कमीपणा काहीच नाही, उलट हा जाणत्याचा निर्णय आहे.

अलॉय घ्यायचंच असेल तर मागच्या बाजूचे शिक्के पाहा. भारतात चारचाकीच्या रिमसाठी आयएस 16192 हे मानक आहे आणि 2020 साली केंद्र सरकारने त्यासाठी गुणवत्ता आदेश काढला. जपानी पद्धतीच्या चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए असे शिक्के असतात. प्रत्येक चाकावर ते किती किलो पेलतं तेही कोरलेलं असावं. ना शिक्का, ना वजन, नुसती चकाकी, असं चाक कितीही स्वस्त मिळालं तरी मागे ठेवा.

रबराचं वय आणि उन्हाचा तडाखा

टायरच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनंतर जी मालिका असते, तिचे शेवटचे चार आकडे वाचा. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. मोटारींच्या टायरना भारतीय मानकाचा शिक्का 2011 पासून सक्तीचा आहे, तोही बघा. नवा म्हणून घेतलेला टायर सहा महिन्यांपेक्षा जुना नसावा. वाळूजला गुडइयर, चाकणला ब्रिजस्टोन आणि नाशिकला सिएट असे कारखाने आपल्याच राज्यात आहेत. मग दोन वर्षं गोदामात पडलेला टायर आपण का घ्यावा? रबर न वापरताही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ऊन त्याला कडक करतात, बारीक भेगा पडतात. नक्षी शिल्लक असली तरी पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा. नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की खाचेतल्या खुणेच्या उंचवट्याशी ती समान होते. त्यानंतर तो टायर गोटा समजावा, कायद्यानेही आणि व्यवहारानेही. जुन्या बाजारातला वापरलेला टायर किती आदळला असेल, आत किती दोरे तुटले असतील, हे बाहेरून कळत नाही. तो घेऊ नये.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 च्या पुढे जातो आणि डांबर त्याहून कितीतरी तापतं. लोकांना वाटतं, उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणजे टायर फुटणार नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, दुमडण्याने आतून तापते, आणि तापलेली भिंत फुटते. सकाळी गार टायरमध्ये 32 भरली, तर दुपारी तापमान 20 अंशांनी वाढल्यावर ती 35 च्या आसपास जाते. ही वाढ टायर बनवणाऱ्याने धरलेली असते, ती काढून टाकू नका. दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत एकट्याने चालवताना किती आणि पूर्ण भरलेल्या गाडीला किती हवा, हे दिलेलं असतं. माहूरला निघताना दुसरा आकडा धरा. टायरचं माप बदललं असेल, तर टायर कंपनीच्या भारतक्त्यातून दाब ठरवून घ्या.

वजनाचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी कधीच नसावा. 85 म्हणजे 515 किलो, 88 म्हणजे 560. चार टायरांची बेरीज गाडीच्या वजनापेक्षा भरपूर जास्त दिसते, पण खड्ड्यात एकच चाक आदळतं तेव्हा त्या क्षणी त्याच्यावर येणारा भार नेहमीच्या कितीतरी पट असतो. ती शिल्लक त्याच्यासाठी आहे.

रुंद टायरबद्दलही एक गैरसमज आहे. कोरड्या रस्त्यावर तो पकड देतो, पण साचलेल्या पाण्यावर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो, आणि मायलेजही थोडं कमी करतो. बाभळीच्या काट्यासाठी ट्यूबलेस उत्तम, कारण हवा हळूहळू जाते आणि गाव गाठता येतं. पंक्चर मात्र नक्षीच्या भागातच काढावं. भिंतीतला काटा म्हणजे टायर गेला.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम ठामपणे उचलून धरला. मडगार्डबाहेर आलेली चाकं या कचाट्यात सहज सापडू शकतात. आपल्या मॉडेलच्या वरच्या प्रकाराचं माप घेण्याचा हा दुसरा फायदा: कागदोपत्री बाजू मजबूत राहते. चाकं बदलली की विमा कंपनीला लेखी कळवा आणि बिल जपून ठेवा. अपघातानंतर दावा अडला, तर तेच बिल कामाला येतं.

बसवण्याच्या दिवशी

नांदेडला जा, निजामाबादला जा की हैदराबादला, चारही टायर चढवण्याआधी एकच चाक बसवून पाहायचा आग्रह धरा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा आणि टायर व आतल्या दांड्यांमध्ये बोट जातं का ते बघा. मग मागच्या सीटवर तीन माणसं बसवून मडगार्डखाली हात घाला. माणसं बसल्यावर जागा उरत नसेल, तर गतिरोधकावर नक्की घासणार.

दोनच टायर नवे घेत असाल तर ते मागे लावा. पुढचे घसरले तर वेग कमी करून गाडी सावरता येते, ओल्या रस्त्यावर मागचे घसरले तर ती गरकन फिरते. नट फुलीच्या क्रमाने आवळायचे आणि शेवटचा पिळा टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत. हवेच्या मशीनने कचकचून आवळलेले नट बोल्ट ताणतात, आणि पुढे वाटेत पंक्चर झालं तर डिकीतल्या पान्याने सुटत नाहीत. नवी चाकं शंभरेक किलोमीटर चालली की नट पुन्हा तपासायचे. भोकर ते नांदेड एकदा जाऊन-येऊन झालं, की ती वेळ आली असं समजा.

आता पैसे कुठे घालायचे, त्याचा क्रम लावू. सगळ्यात आधी ताजे, योग्य वजनाचे, नावाजलेले टायर. मग बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. त्यानंतर घरात हवा मोजायचा एक छोटा गेज. हे सगळं झाल्यावर पैसे उरले आणि रस्ता साथ देत असेल, तर वरच्या प्रकाराच्या मापाची, शिक्का असलेली अलॉय चाकं खुशाल घ्या आणि मिरवा. दुकानात जाताना कागदावर लिहून न्या: टायरचं माप, बाहेरची उंची, वजनाचा निर्देशांक, पीसीडी, बोअर, ऑफसेट, रिमची रुंदी, नटाचे आटे. या आठ नोंदी हातात असलेल्या गिऱ्हाईकाला कुणी चुकीचं चाक विकू शकत नाही, आणि त्या गाडीत बसणारी पाच माणसं रात्रीअपरात्रीही सुखरूप घरी पोहोचतात.